दहा मिनिटं पुढे

"ह्या मशीनीला रोज उठून कायतरी दुखतंयच. त्यापरीस म्हातारं माणूस बरं."

आत्या माझ्या खुर्चीमागे बसून मेथी निवडत होत्या आणि हे मेथीच्या जुडीला सांगत होत्या, मला नाही. पण खोली केवढी, ऐकू येणारच. आणि त्यांचं खोटं नव्हतं. पडद्यावर पुन्हा लाल ओळी आल्या होत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, जानकाबाई. मशीन म्हणजे आळे गावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ठेवलेला जुना कॉम्प्युटर. त्याच्यावर मी एका बिल्ड सिस्टीमच्या चाचण्या चालवते. ही सिस्टीम फुकट, सगळ्यांना खुली. ठिकठिकाणची माणसं मिळून ती सांभाळतात. तिचं काम साधं. प्रोग्रॅमच्या ढीगभर फाइलींतली जी बदलली तेवढीच पुन्हा तयार करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. कुठली बदलली हे ती वेळ बघून ठरवते. पीठ भाकरीनंतर दळलेलं असेल तर भाकरी नवी थापा, नाहीतर आहे तीच वाढा. हे मी कुणाकडे जाऊन शिकले नाही. चुकांचे संदेश वाचत वाचत शिकले, आणि संदेश भरपूर आले.

आता नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्यातून जुन्या मशीनचा आधार काढून टाकायचं घाटत होतं. कारण काय, तर माझ्याच चाचण्या नापास. असलं जुनं मशीन चालवून बघणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. आधार गेला तर आसपासच्या शाळांत मी मांडून दिलेले जुने कॉम्प्युटर आहेत तिथेच अडकणार, पुढचं काही त्यांच्यावर चढणार नाही. पोरं त्यांच्यावर रोज शिकतात. आवृत्तीचं काम बघणारा तिकडचा योहान सभ्य माणूस आहे. त्याने लिहिलं, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठेवू.

आधी सगळं हिरवं, म्हणजे पास, यायचं, मग एकाएकी लाल यायला लागलं. फाइल बदलली तरी सिस्टीम म्हणायची, काही बदललं नाही, जुनंच चालेल. मी चाचणीची स्क्रिप्ट उलटीसुलटी वाचली. एकेक चाचणी सुटी करून चालवली. वायर बदलली. शेवटी फाइलींच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दिसलं. फाइल मी बदलते लॅपटॉपवर, त्याची वेळ इंटरनेटवरून जुळते. ती तयार होते जुन्या मशीनवर, त्याला मी इंटरनेट दिलेलंच नाही. आणि त्याचं घड्याळ पुढे गेलेलं. भाकरीवरच पुढची वेळ पडली, की नंतर दळलेलं पीठही आधीचं दिसणार.

घड्याळ जुळवलं, सगळं हिरवं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाल.

"आतला सेल गेला असंल," रत्नदीप म्हणाले. रत्नदीप म्हणजे माझे मालक. आळेफाट्याला त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे, त्यामुळे कुठल्याही दुखण्याला ते सुटा भाग सुचवतात. मंचरहून येताना सेल घेऊनही आले. बसवला. पुन्हा लाल.

खरं तर सेल मेलेलं घड्याळ मागे जातं, कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतं. हे पुढे जात होतं. तेही दहा मिनिटं. एखाद दिवशी वीस.

इथे मी उठले आणि चहा ठेवला. कारण दहा मिनिटं म्हटलं की आमच्या घरात एकच माणूस.

माझे सासरे चांगदेव, मी त्यांना मामा म्हणते, एसटीत कंट्रोलर होते, आळेफाट्याच्या स्टँडवर. नाशिकची, नगरची, पुण्याची गाडी त्यांच्या शिट्टीवर सुटायची. घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढे, हा त्यांचा नियम. "गाडी पावण्यासाठी थांबत न्हाई," म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मनातल्या मनात दहा वजा करत जगते आहे, त्यामुळे घड्याळ पुढे दिसलं तर आमच्या घरात कुणालाच काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही, तिथेच फसले. दुपारी मामा या मशीनवर पत्ते खेळतात. कोपऱ्यातली वेळ कशी बदलायची ते मीच त्यांना दाखवलं होतं.

पण घड्याळ एकदाच पुढे करायचं असतं. रोज नाही.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मामा तेही रोज पुढे करत असणार, तरी ते नेमकं दहाच मिनिटं पुढे. म्हणजे कुणीतरी त्याला रोज मागे आणत होतं.

"सेल उतरतो त्याचा," आत्या म्हणाल्या आणि पायाखालचं स्टूल पलंगाखाली सरकवलं.

रत्नदीपना विचारलं, "अहो, मामांच्या मनगटावरचं?"

"ते मी बघतो रोज. काटे सरकतात त्याचे."

तिघं तीन घड्याळं सांभाळत होतो, एकमेकांना न सांगता. मीही त्यातलीच. शाळांतली पोरं नापास चाचणी पुन्हा पुन्हा चालवतात आणि एकदा हिरवी आली की पुढे पळतात, तेव्हा मी त्यांना केवढं सुनावते.

योहानला लिहिलं, तुमची सिस्टीम बरोबर आहे, माझं घड्याळ चुकतं. मशीनला इंटरनेट जोडते, वेळ आपोआप जुळेल. त्याचं उत्तर आलं: छान, पण घड्याळ हलवतंय कोण? आज वेळ, उद्या आणखी काही. ते लिही, मग तुझे निकाल धरतो.

शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं.

"मामा, कॉम्प्युटरचं घड्याळ तुम्ही पुढं करता का?"

आत्यांनी घाईघाईने सगळ्यांना भाजी वाढली, नको म्हणणाऱ्यालाही. "आगं, मी पुसते ना ते. लागला असंल हात."

"फडक्यानं वेळ पुढं जात नाही, आत्या."

"सोड ना," रत्नदीप म्हणाले. "मशीनच जुनं हाय. मी दुसरं बघतो."

"नवं आणल्यावर जुन्याची चाचणी कशावर घेऊ?"

"रत्ना, कुठं थांबायचं ते कळतं का न्हाई तुला?" रत्नदीप माझ्यावर खेकसले.

कळत होतं. पण फडक्याचं कारण योहानला लिहायला माझा हात धजत नव्हता.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिला बोलू नको रे. गाडी लेट का झाली, ते कंट्रोलरला लिव्हावंच लागतं."

"आदी जेवा तुमी," आत्या म्हणाल्या.

"जेवतो. मीच करतो गं पोरी. दुपारचं बसलो की वाटतं, आज करायचं ऱ्हायलं. केलं व्हतं का न्हाई, त्येच ध्यानात येत न्हाई. मंग करून टाकतो." त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग आत्यांकडे. "परवा स्टँडवर गेलो व्हतो. घरला यायला कुठल्या गाडीत बसायचं, ते एका पोराला इचारलं. आपल्याच स्टँडवर."

आत्यांनी पुन्हा भाजीचं भांडं उचललं. मामांनी पुढचंही सांगितलं.

"मला इसरायला व्हतंय. तुमाला समद्यांना ठावं हाय."