कुलपाआडचं भूत

सेनगावात बसस्टँडच्या मागच्या बोळात भूत आहे, हे पाचवीच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या एका खोलीला गेल्या काही महिन्यांपासून रविवारी बाहेरून कुलूप असतं आणि तरी आतून कोणीतरी दार वाजवतं. ऐश्वर्यानं तो आवाज स्वतः ऐकला होता. ती आणि तिच्या मैत्रिणी किंचाळत पळाल्या होत्या.

निलम त्याच वर्गात दिवाळीनंतर आली. तिची आई मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेली. या वर्षी वडील पुन्हा ऊसतोडीला गेले आणि तिला तांड्यावरून काका भावसिंगकडे आणून सोडलं. ती फारशी बोलत नसे. कुठं राहतेस, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारी शेवटच्या तासाला संध्या मॅडम मुलांना गोष्टी सांगायला लावत. कुणीतरी बोळातल्या भुताची गोष्ट काढली. त्याला लांब नखं होती, पाय उलटे होते.

"तसं न्हाई ते," निलम म्हणाली.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. ती उभी राहिली आणि सांगू लागली. ते भूत लहान आहे. ते कुणाला खात नाही, त्याच्यासाठी भाकर झाकून ठेवलेली असते. खिडकीच्या फटीतून त्याला एसटीचं नुसतं छत दिसतं. कुणाच्या चपला वाजल्या की ते दार वाजवतं. मग चपला पळून जातात.

एवढी मुलं आपल्याकडे बघताहेत हे निलमला आवडलं असावं, कारण ती पुढं सांगतच राहिली. दुपारी पत्रे तापले की ते भूत फरशीला गाल लावून पडतं.

"आतून काय दिसतं ते तुला काय माहीत?" ऐश्वर्यानं विचारलं.

निलम खाली बसली. घंटा झाली.

रविवारी ऐश्वर्या एकटीच बोळात गेली. दाराला कुलूप होतं. तिनं हळूच हाक मारली, "निलम?"

मग आतून आवाज आला, "व्हय."

"मागं मी पळाले होते."

"माहीत हाय. तुही चप्पल तुटली होती, फटफट वाजत गेली."

ऐश्वर्या पायरीवर बसली. दोघी दाराच्या अलीकडे-पलीकडे बसून गणिताच्या सरांबद्दल बोलत राहिल्या. संध्याकाळी निलमची काकू अनुसयाबाई हळद काढायच्या कामावरून परतली. दारात परकी पोरगी बघून ती दचकली.

"काकू, तुमी तिला कोंडून काहून ठेवता?"

"मग काय करू, बाई?" अनुसयाबाई कुलूप काढत म्हणाली. "समोर बसस्टँड. दिराचं लेकरू हाय. काही झालं तं त्याला काय तोंड दाखवावं?" ती रागावलेली नव्हती, दमलेली होती.

ऐश्वर्यानं घरी आईला, सुनिताला, सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुनिता स्वतः अनुसयाबाईला भेटली. "माझं घर पुढच्याच गल्लीत हाय. रविवारी तिला माझ्याकडं सोडत जा." भावसिंगला ते पटलं नाही. लोक नावं ठेवतील, म्हणाला. पण अनुसयाबाईनं पुढच्या रविवारी कामावर जाताना निलमला तिकडं नेऊन सोडलं.

पहिले काही रविवार निलम सुनिताच्या घरात उंबऱ्याजवळच बसायची. दार लावलं की उठून उघडायची. सुनितानं मग दार उघडंच ठेवलं. मांजर आत यायचं, धूळ यायची.

हळूहळू ती आत सरकली. एकदा लुडो खेळताना ऐश्वर्यानं सोंगटी ढापली म्हणून निलमनं तिची वेणी ओढली. दोघी रडल्या. सुनिता लाटणं घेऊन बाहेर आली आणि कुणाची चूक ते न विचारता दोघींनाही सारखंच रागावली.