सामायिक प्याला

ब्लेसीचं लग्न ठरलं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी लिडियाबाई शिरूरच्या चर्चच्या मागच्या ओट्यावर बसून पांढऱ्या दंतमंजनाने प्याला घासत होत्या. ब्लेसी त्यांची नात, दौंडला रेल्वेत असलेल्या ख्रिस्तोफरची मुलगी. तिच्या लग्नाची शंभर कामं पडली होती. तरी लिडियाबाई सकाळच्या एसटीने न्हावऱ्याहून निघून इथे येऊन बसल्या होत्या.

प्याला वीतभर उंचीचा, चांदीचा मुलामा दिलेला. मिशनच्या काळापासून सगळी मंडळी प्रभुभोजनाला ह्याच एका प्याल्यातून रसाचा घोट घेत आली होती. कोरोना आला तसा तो कपाटात गेला. कोरोना गेला तरी बाहेर आला नाही.

आता त्या आजाराचं कुणी नावही काढत नव्हतं. अंतर राखायला फरशीवर काढलेले पिवळे गोल पायांनी झिजून फिकट झाले होते. पायाने दाबायच्या सॅनिटायझरच्या स्टँडला लोक छत्र्या अडकवत. उपासना सुटली की पुन्हा हातात हात घेऊन सलाम होत होते, एकमेकींच्या डब्यातली भाजी चाखली जात होती. प्रभुभोजनाला मात्र ताटातून प्लॅस्टिकचे इवलेसे कप फिरत. रविवारी मंडळीची सभा होती आणि ईस्टरला प्याला काढायचा की नाही, हे तिथे ठरायचं होतं.

"मावशी, किती घासताय? मुलामा जाईल सगळा," सतीश ओट्यापाशी येऊन म्हणाला. तो पंच कमिटीचा सेक्रेटरी. रांजणगावच्या एका कंपनीत सेफ्टीच्या खात्यात होता. सेकंड शिफ्टला जाता जाता सभेची नोटीस लावायला आला होता.

"जाऊ दे. कपाटात काळा पडण्यापरीस झिजलेला बरा."

"पर आता जमाना न्हाई राहिला त्याचा. आमच्या कंपनीत तर पाण्याच्या पिंपावरचा पेलासुद्धा बंद केलाय."

"तुझ्या कंपनीत प्रभुभोजन असतंय व्हय रे?"

शेजारी मनुके निवडत बसलेल्या गिताबाई खो खो हसल्या. ईस्टरला लागणारा रस काळे मनुके उकळून इथेच होत असे.

"मी सांगते सत्या," गिताबाई म्हणाल्या, "त्या टोपणातनं घेताना मला खोकल्याचं औषिध घेतल्यागत होतंय. मी लिडियाच्या बाजूची. आमच्या गल्लीतल्या साऱ्याजणी तिच्या बाजूच्या."

"म्हंजी माझं काय चालत न्हाई," सतीश हसत म्हणाला. "पर आपल्या येशुदासकाकांनाच बघा की. त्यांना किती खोकला हाय. त्यांच्या मागनं कुणी घेईल का त्याच प्याल्यातनं?"

लिडियाबाईंचा हात थांबला.

"मी घेईन," त्या म्हणाल्या. "आधीबी घेतलाय."

ते सतीशलाही ठाऊक होतं. शिरूरच्या मंडळीत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर साली येशुदास चोवीस वर्षांचे होते. क्षयामुळे दीड वर्ष सॅनेटोरियममध्ये काढून ते बरे होऊन आले, डॉक्टरांचा कागद घेऊन आले. कागद पाळकसाहेबांनी उपासनेत मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि त्यांच्यापासून दोन बाकं लांब बसले. प्रभुभोजनाला आधी पुरुष वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकत, मग बायका. येशुदासांना कुणी काही बोललं नाही, पण प्याला पुढे जायचा त्या डाव्या हाताला कुणी गुडघे टेकेना. मग ते आपणहूनच मागे राहू लागले. सगळ्यांचं झालं की एकटे पुढे जात. त्यांच्यानंतर प्याला थेट उकळत्या पाण्यात जाई.

असं तीन महिने चाललं. चौथ्या महिन्यात एकोणीस वर्षांची लिडिया बायकांच्या रांगेत उठलीच नाही. आईने कोपर मारलं तरी उठली नाही. येशुदास एकटे कठड्यापाशी गेले, तशी ती उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन तिने गुडघे टेकले. म्हातारे पाळकसाहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी येशुदासांना प्याला दिला, पांढऱ्या फडक्याने कड पुसली आणि लिडियाला दिला. घरी जाईपर्यंत आईने तिच्या दंडाला चिमटे काढले. पण पुढच्या महिन्यात दोघे पुरुष येशुदासांसाठी मागे थांबले, त्याच्या पुढच्या महिन्यात चौघे. वर्षाच्या आत येशुदास पुरुषांच्या रांगेत मधोमध होते, आणि त्यांचं लिडियाशी लग्न झालं होतं.

ही गोष्ट लिडियाबाईंनी किती लग्नांत, किती बारशांत सांगितली असेल, मोजदाद नाही. आजार डॉक्टर बरा करतात, पण तो संपतो मंडळीत, असं त्या शेवटी म्हणत.

आता कोरोनाने येशुदासांची छाती पुन्हा धरली होती. तीन वर्षं झाली तरी खोकला हटत नव्हता. दहा पावलांवर दम लागे. चर्चमध्ये ते दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एकटे बसत, आणि त्यांच्यापुढच्या दोन रांगा रिकाम्या राहत. लिडियाबाईंना ते दर रविवारी टोचे. एकदा प्याला बाहेर आला, एकदा सगळ्यांदेखत आपण यांच्या मागून घोट घेतला की त्या रांगा भरतील. आधी भरल्या होत्या, तशाच भरतील.

दुपारच्या एसटीने त्या न्हावऱ्याला उतरल्या तेव्हा येशुदास पडवीत शेंगा फोडत बसले होते. एसटीच्या डेपोत तीस वर्षं टायर बदललेले हात, आता चार शेंगा फोडल्या की विसावा घ्यायचे. लिडियाबाई तांदळाचं ताट घेऊन समोर बसल्या आणि सकाळचं सगळं सांगू लागल्या. सतीश काय म्हणाला, गिताबाई काय म्हणाली, कोण कोण बाजूने आहे.

"ईस्टरला तुम्ही दारात बसायचं न्हाई. फुडं यायचं. मी हाय शेजारी."

येशुदासांनी एक शेंग उचलली. ती फोडली, दाणे बघितले आणि तसेच ताटलीत टाकले.

"राहू दे की तो प्याला," ते म्हणाले.

"का? लोकांचं भ्या वाटतंय काय तुम्हाला?"

"लोकांचं न्हाई गं." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत लिडियाबाई थांबल्या. "मी त्या दिवशी घेतला नव्हता."

"काय घेतला नव्हता?"

"घोट. तू येऊन बसलीस त्या दिवशी. ओठ मिटून नुसता टेकवला. आन् कडंवरनं अंगठा फिरवला, कुणाला दिसणार न्हाई असा."

लिडियाबाई ताटातले तांदूळ बोटाने इकडून तिकडे करत राहिल्या.

"डॉक्टरांचा कागद व्हता की."

"कागद व्हता. पर मला वरीसभर घाम यायचा रातचा. कागदाला काय म्हाईत?" ते दमले, थांबले. "आन् बघतो तर तू शेजारी. एकोणीस वर्साची पोर. मी काय करावं?"

"मग फुडं? आपलं लगीन झालं, ख्रिस्तोफर झाला. चांगले खणखणीत झाला व्हता की तुम्ही."

"झालतो. पर मागं कुणी ना कुणी असायचंच की. कधी तू, कधी सोपानराव, कधी कुणाचं नवीन सभासद झालेलं पोरगं. हिंमतच झाली न्हाई. मग तसंच पडून गेलं."

"कुणाला कळलं न्हाई?"

"रुमालानं तोंड पुसायचो. कुणाला काय कळतंय!"

रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली धडधडत गेली.

"ते छोटे कप आले ना," येशुदास म्हणाले, "नाताळात पयल्यांदा. ते आपल्या एकट्याचं. त्याच्या मागं कुणी न्हाई. मी प्यालो त्या दिवशी. सगळा." ते थोडं हसले. "गोड लागतंय गं. मी चव इसरून गेलतो. मनुके घालता न्हवं?"

लिडियाबाई उठल्या. अंगणात जाऊन त्यांनी दोरीवरचे कपडे काढायला सुरुवात केली. कपडे अजून ओलेच होते. लुगड्याचा ओला बोळा हातात धरून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग एकेक कपडा त्यांनी पुन्हा झटकून वाळत घातला.

"मला तरी सांगायचं," त्या दोरीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "पन्नास वरसं व्हत आली."

"तू लई आनंदानं सांगायचीस लोकांना."

"आन् दारात का बसता मग? मला वाटलं, लोकं दूर बसवत्यात."

"लोकं कशाला बसवतील? मीच सांगतो त्यांना, फुडं सरका म्हणून. त्या सतीशला इचार. त्याची आई दर रविवारी खुर्ची आणून शेजारी मांडायची, तिच्यावर दोनदा वरडलो मी."

लिडियाबाईंनी शेवटचा चिमटा लावला. "वरडलात म्हणं," त्या पुटपुटल्या, आणि त्यांना हसू आलं का रडू, ते त्यांनी पदराने झाकून घेतलं.

रविवारी हातात झावळ्या घेऊन मंडळी चर्चला वळसा घालून आत आली. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सभा सुरू केली. समोरच्या टेबलावर प्याला ठेवलेला होता. खिडकीतून येणारं ऊन त्याच्यावर पडून इतकं लखलखत होतं की पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे बारीक करून बघत होत्या. सतीश बोलला, आकडे सांगितले. सोपानराव बोलले, जुन्या दिवसांचं सांगितलं. मग पाळकसाहेब म्हणाले, "लिडियाबाई, हा विषय तुमचाच. तुम्ही बोला."

गिताबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उठवलं. लिडियाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मागे दाराकडे बघितलं नाही.

"प्याला धुऊन पुसून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा, म्हंजी काळा पडायचा न्हाई. आपलं छोटे कपच चालू ठेवावंत, असं माझं म्हणणं हाय."

"आगं बया," गिताबाई मोठ्यानेच म्हणाल्या. "परवा तर माझ्यासंगं..."

"परवाचं परवा."

"मावशींनीच मानलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला," सतीश उठून म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "शेवटी हायजीन ते हायजीन."

"व्हय बाबा. तुझी कंपनी जिंकली."

सगळे हसले. हात वर झाले, ठराव लिहिला गेला. घरी जाताना गिताबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा राग पुढे पंधरा दिवस टिकला. कारण मात्र लिडियाबाईंनी त्यांना कधीच सांगितलं नाही.

ईस्टरच्या पहाटे लिडियाबाईंनी बायकांच्या बाकावरची आपली जागा सोडली, एक खुर्ची उचलली आणि दाराशी नेऊन येशुदासांच्या शेजारी ठेवली. येशुदासांनी हाताने पुढे सरक अशी खूण केली. त्यांनी ती बघितली आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

"वरडा की," त्या हळूच म्हणाल्या. "वरडा माझ्यावर."

ताट फिरत फिरत दारापर्यंत आलं. लिडियाबाईंनी आपला कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. मान खाली घालायच्या वेळी त्या मान वर करून शेजारी बघत राहिल्या. येशुदासांनी कप दोन बोटांत धरला, डोकं मागे टाकलं आणि सगळा तोंडात ओतला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग त्यांनी डोळे मिटून जीभ ओठांवरून फिरवली, एखादं पोर फिरवतं तशी.

मग लिडियाबाईंनी आपला घेतला.

येशुदास दावीद उजागरे त्याच वर्षी एकोणीस सप्टेंबरला, गुरुवारी सकाळी, न्हावऱ्याला राहत्या घरी वारले. वय चौऱ्याहत्तर.