वॉल्डोसाठी गार खेळणं

हार्लनचा राग मला संसारात असताना यायचा, त्याहून जास्त घटस्फोटानंतर यायला लागला. कारण वॉल्डो. आमचा नऊ वर्षांचा बुलडॉग, चपट्या नाकाचा, चार पावलं चालला की धापा टाकणारा. भांडीकुंडी वाटून झाली, कुत्रा काही वाटता येईना. म्हणून तो एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा हार्लनकडे.

वाळवंटातल्या टुसॉन शहराचा जून. पारा एकशे दहा फॅरनहाइटवर. रस्त्यावर कुत्र्यांच्या पंजांना फोड येतात म्हणून ती दिवसभर घरात, आणि घरात कंटाळली की सोफे फाडतात. त्यावर हार्लनने काय आणावं, तर घरंगळणारा चेंडू. ढकलला की आतून खाऊ पडतो. म्हणजे या दमेकऱ्याने बिस्किटासाठी घरभर धावायचं! मी फोनवर त्याला असा फैलावर घेतला की शेजारणीने खिडकी लावून घेतली. कुत्र्याला गाडीतून भाजत न्यायला-आणायला नको, उन्हाळाभर तो एकाच घरी राहू दे, असं आमचं बोलणं चाललं होतं. असल्या बेअक्कल माणसाकडे मी त्याला मुळीच ठेवणार नव्हते.

मग मीच दुकानात गेले. तासभर खेळणी दाबून, वाकवून, हुंगून पाहिली. मला हवं होतं रबरी, आत चिकनचं सूप भरून गोठवायचं. कुत्रा एका जागी पडून चाटत राहतो आणि गारही होतो. दुकानातली दंडावर सरडा गोंदवलेली मुलगी म्हणाली, दोन्ही टोकांना भोक असलेलं घ्या. एकाच भोकाच्या खेळण्यात चाटता चाटता आतली हवा संपते आणि जीभ आत ओढली जाऊन अडकते. मी म्हटलं, दोन भोकांतून सूप गळतं आणि गालिचा मला धुवावा लागतो. वर हेही ऐकवलं, की तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी कुत्री पाळतेय. एकाच भोकाचं लाल खेळणं घेतलं, भरलं, गोठवलं आणि हार्लनचा आठवडा आला तेव्हा वॉल्डोबरोबर त्याच्याकडे दिलं. सोबत चिठ्ठी: फक्त हेच द्यायचं.

बुधवारी दुपारी हार्लनचा फोन आला. जनावरांच्या दवाखान्यात ये, एवढंच बोलला. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी त्याला शिव्या घातल्या. दिला असणार तो चेंडू.

वॉल्डो ओल्या टॉवेलवर पडला होता. जीभ वांग्यासारखी जांभळी, सुजून तोंडाबाहेर आलेली. बाजूला माझं लाल खेळणं होतं. खेळण्याच्या बुडाला हार्लनने घरीच ड्रिलने भोक पाडलं होतं, तेव्हा कुठे आत हवा शिरली आणि जीभ सुटली. कुत्र्याला अंगातली उष्णता बाहेर टाकायला जिभेशिवाय असतं काय? जीभ अडकली तेवढा वेळ तो आतल्या आत तापत गेला होता.

वाचेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आणखी दहा मिनिटं गेली असती तर नाही. मग त्यांनी खेळणं उचलून विचारलं, "हे कुणी निवडलं?"

"मी," हार्लन म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की घटस्फोटाच्या दिवशीही झाला नव्हता. एकवीस वर्षं हा माणूस असाच. माझी चूक हळूच स्वतःच्या अंगावर घेणार आणि मी त्या उपकाराचं ओझं वाहायचं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "मी निवडलं. दुकानातल्या पोरीने बजावलं होतं, तरी निवडलं."

डॉक्टरीणबाई सलाईन बघायला वळल्या. हार्लन हळू आवाजात म्हणाला, "व्हर्ना, कशाला सांगायचं? कुत्रा वाचला ना."

मी वॉल्डोच्या कपाळावर हात ठेवला. अजून कढत होतं. माझा हात लागताच त्याने आखूड शेपटी हलवली. त्याला काय माहीत, कुणी काय केलं ते.

"उन्हाळाभर तो तुझ्याकडे राहील," मी म्हटलं. "आणि आता एक जरी गोड शब्द बोललास, हार्लन, तर थोबाड फोडीन."