नापासांचा खोका

सकाळचे आठही वाजले नव्हते आणि टोपडेबाबांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खाली मोटारींचं गॅरेज, वर बाबा. प्लास्टिकच्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. उरलेल्या बाया जिन्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक हात कमरेवर, दुसऱ्यात नंबराचा बिल्ला. सगळ्या तिसऱ्या खेपेच्या, सगळ्यांना आधीच्या दोन मुली.

आणि समोरची ती भिंत! जमिनीपासून छतापर्यंत नुसती टोपडी. लोकरीची, सुती, गोंड्यांची, नाड्यांची. बाबांची पुडी घेऊन जिला दोन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला, तिनं बाळाचं पहिलं टोपडं इथं आणून टांगायचं, असा शिरस्ता होता. मधोमध मानाच्या जागी निळ्या गोंड्याचं टोपडं होतं.

"ते माझ्या नातवाचं, तुझ्या नणंदेच्या मुलाचं," सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. "बघ डोळे भरून! एवढ्या सगळ्या काय खोटं बोलतील?"

सून बल्बच्या कारखान्यात तपासणीला होती. बल्ब होल्डरला लावायचा. पेटला तर हिरव्या खोक्यात, नाही पेटला तर लाल खोक्यात. अकरा वर्षं हेच केल्यामुळे तिला नावच पडलं होतं, तपासणीवाली. भिंतीकडे पाहताना तिला काहीतरी खटकलं, पण काय ते ध्यानात येईना.

शिवाय तिच्या जिवाला वेगळाच घोर होता. दुसऱ्या बाळंतपणात रक्त थांबता थांबेना, तेव्हा प्रसूतिगृहातल्या थोरल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, "तिसरं फार जपून. चौथं अजिबात नाही, जिवावर बेतेल." आणि सासूबाईंनी परवाच जाहीर केलं होतं, की यंदाही मुलगी झाली तर चौथ्याला पुन्हा बाबांकडे यायचं. नवऱ्यानं ते ऐकलं आणि तो नखं कापत बसला.

बाबा अवतरले. पोटाचा घेर बघता हॉलमध्ये सगळ्यात जास्त दिवस त्यांचेच भरले असावेत.

"मातांनो! ही पुडी नव्हे, ही हाक आहे हाक! बाळराजे वर दार धरून उभे आहेत, त्यांना कुणी या म्हणायला नको? तिसऱ्या महिन्यात एकवीस दिवस, दुधातून. पथ्य एकच." त्यांनी बोट उंचावलं. "पुडी घेताना मनात मुलीचा विचार येता कामा नये! आला की सगळं मुसळ केरात. मग माझ्या दारात तोंड दाखवू नका."

बायांनी माना डोलावल्या. तपासणीवालीनं मनातल्या मनात करून पाहिलं. मुलीचा विचार करायचा नाही... झालं, धाकटीची सुटलेली वेणी डोळ्यांपुढे हजर!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला ओठांना लागतो न लागतो, तोच थोरलीनं हाक मारली, "आई, माझी गणिताची वही कुठंय?"

"गेली! आजची पुडी फुकट गेली!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि दूध मोरीत ओतलं.

त्या दिवशी कारखान्यात पाहुणे आले होते. साहेबांनी त्यांना हिरवा खोका उघडून दाखवला. "बघा, एकही बल्ब नापास नाही!"

तपासणीवालीला हसू आवरेना. नापास बल्ब तिनं स्वतःच लाल खोक्यात टाकले होते, ते इथं सापडणार कसे? आणि हसता हसता ती एकदम थबकली. बाबांची भिंत म्हणजे नुसता हिरवा खोका! मग लाल खोका कुठं होता?

जेवणाच्या सुट्टीत हात धुताना तिनं सगळ्यांसमक्षच विचारलं, "बाबांची पुडी घेऊन मुलगी झालेली इथं कुणी आहे का गं?"

पॅकिंगवाली नळाकडे बघत म्हणाली, "मला झाली. पण चूक माझीच. सातव्या दिवशी माझ्या मनात मुलीचा विचार आला."

"तुझ्या पण?" शेजारची दचकली. "मला वाटलं, मी एकटीच करंटी!"

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. तीन वर्षांत कारखान्यातून एकोणीस जणी बाबांकडे गेल्या. दहांना मुलगे झाले, ती टोपडी भिंतीवर. नऊ जणींना मुली झाल्या, आणि त्या नऊही जणी दोष स्वतःच्या पदरात घेऊन तोंड मिटून बसल्या होत्या. पथ्याची खरी करामत एवढीच होती.

उरलेल्या पुड्या घेऊन ती नर्सबाईंकडे गेली. त्या भडकल्याच.

"कशाची आहे हे ठाऊक नसलेली पुडी पोटुशीनं तोंडात घालते का कुणी? अगं, मुलगा की मुलगी हे दिवस राहतात त्याच क्षणी ठरतं, तेसुद्धा बापाच्या बीजावर. तिसऱ्या महिन्यात पुडी खायची म्हणजे गाडी मुक्कामाला पोचल्यावर तिकीट बदलायला जायचं! आमच्याकडे शंभर बाळंतपणं झाली की पन्नासच्या आसपास मुलगे होतातच. त्याला बाबा लागत नाही."

सून पुडी घेत नाही म्हटल्यावर सासूबाईंनी लेकीलाही मदतीला बोलावलं आणि सुनेची वरात पुन्हा बाबांपुढे नेली. सुनेनं डब्याच्या पिशवीतून कारखान्यातल्या त्या नऊ जणींनी दिलेली टोपडी काढली आणि समोरच्या रिकाम्या भिंतीवर, पडद्याच्या दोरीला, चिमटे लावून एकेक टांगली.

"हे काय चालवलंयस?" बाबा कडाडले.

"नापासांचा खोका, बाबा. पुडी घेऊन झालेल्या मुली."

"त्यांनी पथ्य मोडलं! मुलीचा विचार केला!"

"आणि मुलगे झाले त्यांनी विचार केला नव्हता, हे कुणी तपासलं?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात नणंद उठली, निळ्या गोंड्याच्या टोपड्याची मालकीण.

"मी सांगते. मला त्या पुडीच्या वासानं उमासे यायचे. एकवीसच्या एकवीस पुड्या मी मोरीत ओतल्या, आईच्या धाकानं बोलले नाही." ती आईकडे वळली. "तरी मुलगाच झाला की गं, आई!"

बाबांची समाधीची वेळ झाली. ते तडक संडासात गेले आणि कडी लावून घेतली. तासभर बाहेर काही आले नाहीत.

सासूबाईंनी त्यानंतर घरात चौथ्याचं नाव काढलं नाही, पण बोललेलं मागेही घेतलं नाही. तपासणीवालीचे दिवस भरत आले तरी तो घोर तसाच राहिला.

मुलगी झाली. पुन्हा रक्त फार गेलं. नर्सबाईंनी चार तास बाळंतिणीची पाठ सोडली नाही. सासूबाई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक चुरगळत बसून होत्या. सून वाचली असं कळलं, तेव्हा त्यांना भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या दारात नंबर वाटणारा बिल्लेवाला खाटेशी हजर! "पुडी सोडलीत, बघा काय झालं. बाबा म्हणाले, राग नाही. चौथ्याला या."

नवरा घसा खाकरायच्या आत सासूबाई उठल्या.

"नऊ जणींना पुडी घेऊन मुली झाल्या. हिला न घेता झाली. मग पुडीत काय होतं रे? आणि चौथं-बिवथं काही नाही. मला माझी सून हवी आहे, जिवंत."

बिल्लेवाला जिना उतरला. नवरा ऑपरेशनचा फॉर्म आणायला गेला, स्वतःच्या नावाचा. नखं कापून झाली होती बहुतेक.

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कारांनी भरलेली भिंत दाखवली, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की नापासांचा खोका कुठं ठेवलाय. आणि घरात तिसरी मुलगी आली असेल, तर तिला टोपडं घाला. सकाळचा गारठा असतो.