अकरा नंबरचं दार

“आजोबा, जरा गोड आठवणी सांगा ना,” असं म्हणत प्रदर्शनवाल्या मुलीनं फोन माझ्या तोंडाजवळ सरकवला. “कंपनी म्हणजे एक कुटुंबच होतं, असं काहीतरी.”

“होतं की कुटुंब,” मी म्हणालो. “बाप जेवायचा, पोरं वाढायची.”

आत सून खाकरली. तिच्या खाकरण्याचा अर्थ मला कळतो. बाबा, जिभेला आवरा. पण ती लग्न होऊन या घरात आली तेव्हाच मी साठीचा होतो. आता कशाला आवरू?

मुलगी हसली. पोर चांगली होती, तिच्याशी माझं वैर नव्हतं. बंदरावरून माल वाहणाऱ्या हिरव्या ट्रकांच्या कंपनीचं प्रदर्शन मांडायचं काम तिला मिळालं होतं. त्या कंपनीत मी एकवीस वर्षं गाडी चालवली. तेव्हा बंदरात अशा पाच-सहा कंपन्या होत्या आणि गाडीच्या रंगावरून माणूस कुठला ते कळायचं. निळ्यावाले उर्मट, पिवळ्यावाले कायम पान खाल्ल्यासारखे गप्प, आणि आम्ही हिरवे. मग मोठे कंटेनर आले आणि सगळे रंग गेले. आमच्या आवारात आता बावीस मजली इमारती आहेत. वजनकाट्याची शेड तेवढी शिल्लक होती, तिचं मालकांनी संग्रहालय केलं.

“एक जुनी गाडीसुद्धा मिळाली,” मुलगी म्हणाली. “एका वीटवाल्याच्या आवारात पडली होती. रंगवलीये. अकरा नंबर.”

मी हातातला कप बशीत ठेवला.

“आणि हा भिंतीवर लावायचा मजकूर. काही चुकलं असेल तर सांगा.”

कागदावर लिहिलं होतं : चाळीस वर्षे, बत्तीस गाड्या आणि फक्त एक जीवघेणा अपघात. तोही चालकाच्या भरधाव वेगामुळे.

मी ते तीनदा वाचलं.

“हा चालक कोण, ठाऊक आहे?”

“नाव नाही सापडलं कागदपत्रांत.”

“त्याला अख्खं बंदर सावकाश म्हणायचं. सायकलवाले त्याला मागं टाकून जायचे आणि वर हात हलवायचे. त्याच्यामागं अडकलेला ड्रायव्हर शिव्या देऊन देऊन दमायचा. हा म्हणायचा, माल काय पळून चाललाय का? अशा माणसापुढं तुम्ही भरधाव लिहिलंय. हे बदल.”

“छापायला गेलंय, आजोबा.” ती खरंच ओशाळली. “मोठ्या मालकांनी स्वतः वाचून सही केलीये.”

“येणार आहेत का ते उद्घाटनाला?”

“हो, दहा दिवसांनी आहे. चाकांच्या खुर्चीवरून आणतील. तब्येत बरी नसते.”

“तेवढे दहा दिवस देव त्यांना देवो,” मी म्हणालो.

तिला वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय.

खरं सांगायचं तर त्या माणसाच्या तब्येतीची काळजी त्याच्या मुलांपेक्षा मी जास्त वाहिली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. हा माणूस मऊ गादीवर, मुलाबाळांच्या घोळक्यात, चांगलं नाव घेऊन मरून जाईल या भीतीनं. तो वाचला तेव्हा मी सुनेला शिरा करायला लावला. कशाबद्दल ते तिला सांगितलं नाही.

*

आता दाराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडीत बिघाड असला तर तो वहीत लिहायचा, असा नियम होता. पण वही सरकारचे तपासणी साहेब बघायचे आणि बिघाड दिसला की गाडी उभी करायचे. म्हणून वहीत बिघाड लिहिणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी मालक गाडीच द्यायचे नाहीत. मग आम्ही आमची सोय काढली. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर आतून खडूनं लिहायचं. सकाळपाळीच्यानं दुपारच्यासाठी, दुपारच्यानं सकाळच्यासाठी. ‘तिसरा गियर सासूसारखा, समजुतीनं घ्या.’ ‘हॉर्न मुका आहे.’ ‘आरसा लाजून मान खाली घालतो, दोरीनं बांधलाय.’ वाचून हसायचं, पण वाचल्याशिवाय कुणी चावी फिरवायचं नाही. वही मालकांची, दार आमचं.

मला तेव्हा भोंगा म्हणायचे. खिडकीतून डोकं काढून मी ओरडलो की हॉर्नची गरज पडायची नाही. अकरा नंबर सकाळी माझ्याकडे असायची, दुपारी सावकाशकडे.

त्या दिवशी सकाळी गोदामांकडून धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मी ब्रेक दाबला आणि पाय पार तळाला गेला. रिकामी गाडी होती, गियरवर आवरली. आवारात आणून लावली आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ब्रेक लागत नाही. उतारावर नेऊ नये. भोंगा.

खाली उतरलो तर समोर मालक. तेव्हा पस्तिशीचे होते, पांढरे बूट घालायचे. त्यांनी दारात डोकं घालून वाचलं.

“आज साहेब यायचेत तपासणीला. पूस ते.”

“मालक, गाडी उभीच ठेवा.”

“दुपारी गॅरेजला पाठवतो. मी सांगतोय ना? पूस आधी.”

मी बाहीनं पुसलं. कोपरापर्यंत हात फिरवून, स्वच्छ. मग घरी जाऊन जेवलो आणि झोपलो.

सावकाश दुपारी आला. त्यानं दार वाचलं असणार, तो कधी चुकायचा नाही. दार कोरं. त्यानं पोत्यांनी भरलेली गाडी काढली. उतारावर खाली कामगारांची रांग होती. त्यानं गाडी त्यांच्यावर जाऊ दिली नाही, डावीकडे वळवून गोदामाच्या दगडी भिंतीत घातली. रांगेतल्या एकालाही ओरखडा आला नाही. सावकाशला बाहेर काढायला दोन तास लागले.

चौकशीत मालक म्हणाले, वहीत एकही तक्रार नाही, माणूसच वेगात होता. मग साहेबांनी मला विचारलं, “सकाळी गाडी कशी होती?”

मी म्हणालो, “ठीक होती.”

का म्हणालो ते सांगत नाही. कारण माझ्याकडेही होतं. कारणं सगळ्यांकडे असतात, मालकाकडेही असेल. अकरा नंबरला नवं नाक बसवून, दारं तीच ठेवून कंपनीनं ती आणखी नऊ वर्षं पळवली. मी तिच्यात पुन्हा बसलो नाही. माझा सूड एवढाच.

*

सावकाशच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. नवरा गेल्यावर तिनं गोदामात फाटकी पोती शिवून मुलाला वाढवलं. नळावर बायका तिला ऐकवायच्या, तुझ्या नवऱ्यानं रांगच उडवली असती गं, देवानं वाचवलं. ती हंडा उचलून निघून यायची. चौतीस वर्षं मी तिच्या घरी जातो. फ्यूज बदलतो, नळाचा वॉशर घालतो, दिवाण सरकवायला हात लावतो. भाऊजी आहेत म्हणून माझं चाललंय, असं ती लोकांना सांगते. ते ऐकलं की मी चहा अर्धा ठेवून उठतो.

मी तिला फोन केला. “रविवारी प्रदर्शनाला चला. पुढच्या रांगेत बसा.”

“मी काय करू तिथं? मालकाचं तोंड बघू?”

“हो. तेच बघायला चला.”

तिला सगळं आधी सांगायला हवं होतं. बसमध्ये शेजारी बसून अर्धा तास गेलो तरी तोंड उघडलं नाही. भोंगा म्हणे.

वजनकाट्याची शेड ओळखू येत नव्हती. दिवे, गालिचा, भिंतीवर मालकांचे फोटो. मध्ये अकरा नंबर, लग्नात उभी केल्यासारखी चकचकीत. आणि तिच्या मागच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, भरधाव.

मालकांना खुर्चीवरून आणलं. मान लटपटत होती, पण बूट पांढरेच.

“कोण? भोंगा का रे तू?”

“हो, मालक.”

“अजून आहेस?”

“तुमच्यासाठीच थांबलोय.”

लोक हसले. मालकही हसले. फोटोवाल्याला कल्पना सुचली, जुन्या ड्रायव्हरनं गाडीत बसावं, मालकांनी दाराशी असावं. मी मनात म्हटलं, तुझं भलं होवो. गुडघे धरून वर चढलो. मालकांची खुर्ची उघड्या दाराशी आणली, अगदी तेव्हा ते उभे होते तिथं. मी खिशातून खडू काढला.

“हां, सही कर, सही कर,” मालक म्हणाले.

मी लिहिलं. अक्षर मोठं काढलं. मग वाचलं. माईक लागला नाही. “ब्रेक लागत नाही. उतारावर नेऊ नये. भोंगा.”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

“हा काय चावटपणा आहे?” मालकांचा मुलगा पुढं आला.

“चावटपणा नाही. चौतीस वर्षांपूर्वी सकाळी मी हेच लिहिलं होतं, ह्याच दारावर. तुमच्या वडिलांनी डोकं घालून वाचलं. मग काय म्हणालात, मालक? सांगा सगळ्यांना.”

“मला… आठवत नाही.”

“मला आठवतं. पूस ते, म्हणालात. साहेब यायचेत, म्हणालात. दुपारी गॅरेजला पाठवतो, म्हणालात आणि बत्तीस पोती चढवून उतारावर पाठवलीत. भिंतीवर लिहा की हे! सही करा की!”

“उतरवा ह्याला,” मालक म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. चौतीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, तो हाच चेहरा. मी डोळे भरून बघून घेतला. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात वहिनी उठून आली. मालकांच्या मुलाला तिनं हातानं बाजूला केलं आणि दारावरची अक्षरं खालून बोट फिरवत वाचली. ती सावकाशकडून वाचायला शिकली होती.

“हे तेव्हा लिहिलेलं होतं?”

“हो, वहिनी.”

“मग त्यांनी वाचलं कसं नाही? दार वाचल्याबिगर ते बसायचे नाहीत. घरी आले तरी सवयीनं दाराकडं बघायचे.”

“पुसलेलं होतं.”

“कुणी पुसलं?”

माझं बोट मालकांकडे जायला उचललं होतं. ते अर्ध्यातच राहिलं.

“पूस म्हणाले हे,” मी म्हणालो. “पुसलं मी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मालकांकडे तिनं एवढं बघितलं नाही.

“चौतीस वर्षं,” ती म्हणाली, “माझ्या घरचे फ्यूज बदलताय तुम्ही.”

एवढंच. मी खाली उतरल्यावर तिनं दार दोन्ही हातांनी हळू लावलं, खडू झडू नये म्हणून, आणि एकटी निघून गेली. तिची बस सुटली तेव्हा मी जेमतेम फाटकापर्यंत पोचलो होतो.

*

त्याच संध्याकाळी दार पुसलं गेलं. भिंतीवरचं भरधाव तसंच राहिलं. पण मंगळवारी संग्रहालय फुकट असतं. मी दर मंगळवारी जातो, दार उघडतो, लिहितो आणि येतो. पहारेकरी संध्याकाळी पुसतो.

“आजोबा, मला नोकरी आहे हो,” तो पहिल्यांदा म्हणाला होता.

“मलाही होती,” मी म्हणालो. तेव्हापासून मी लिहीत असताना तो पाठ करून उभा राहतो.

वहिनीचं दार मात्र माझ्यासाठी उघडलं नाही. दोनदा गेलो. आत रेडिओ चालू होता.

सहाव्या मंगळवारी गेलो तर पहारेकरी म्हणाला, “आज तुमच्या आधी एक आजी येऊन गेल्या. खडू घरून आणला होता.”

मी दार उघडलं. पोत्याला घातलेल्या टाक्यांसारखी मोठी, तिरपी अक्षरं. ब्रेक लागत नाही. उतारावर नेऊ नये. माझंच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या.

पुसायला लावणारा – मालक.
पुसणारा – भोंगा.

पहारेकऱ्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं. त्याला माझं नाव ठाऊक होतं. त्यानं खिशातून फडकं काढलं.

“शेवटची ओळ तेवढी आत्ताच काढू का? लोक येतील बघायला.”

“राहू दे,” मी म्हणालो.

माझा खडू खिशातच राहिला. मी दोन्ही हातांनी दार धरलं आणि अक्षरं झडू नयेत असं, हळूहळू लावून घेतलं.