जाळीची रेघ

विमान उन्हात उभं राहून अर्धा तास झाला होता. आतली यंत्रं चालू होती आणि चाचणीच्या पहिल्या उड्डाणाला दहाच मिनिटं उरली होती. नेमका तेव्हाच अर्धाअंशाच्या हातात वजनाचा तक्ता पडला.

अर्धाअंश हे कचेरीनं ठेवलेलं नाव. विमानाच्या कुठल्या कप्प्यात किती उष्णता साठेल, याचं गणित तो मांडायचा. प्रत्येक कप्प्याला एक चौकोन, आणि उष्णता जिथून बाहेर पडते तिथे एक रेघ. वैमानिकामागच्या यंत्रांच्या कप्प्याला तीन रेघा होत्या: एक बाहेरच्या पत्र्याकडे, एक फरशीकडे आणि सगळ्यांत जाड रेघ जाळीतून मागच्या सामानाच्या कप्प्यात.

तक्ता सांगत होता की तोल साधायला वाळूच्या पिशव्या दोन हात पुढे सरकवल्या आहेत. म्हणजे थेट जाळीला टेकून! कागदावरची रेघ विमानात बुजली असणार.

तीन महिन्यांपूर्वी त्यानं असंच एक उड्डाण थांबवलं होतं. चूक निघाली ती त्याच्याच दशांशचिन्हाची. पुढे आठवडाभर लोक त्याला पाहिलं की फायलीनं वारा घालायचे. आताही कचेरीच्या खिडकीजवळ बसून त्याचा हात रेडिओकडे जाईना. पण वैमानिकाच्या जागी त्याचा मेहुणा बसला होता. अर्धाअंशानं रेडिओचं बटण दाबलं.

"काय भाऊजी, आज दशांशचिन्ह कुठे सांडलं?" मेहुण्याचा आवाज आला.

"थट्टा पुरे. जाळी बुजलीय असं वाटतंय. मेकॅनिकला यंत्रांच्या कप्प्याच्या झडपेतून तापमान बघू दे."

"वाटतंय?"

"जाळी मोकळी असेल तर पासष्ट अंश भरेल. बुजली असेल तर पंचाहत्तर. पंच्याऐंशीला यंत्रं आपोआप बंद पडतात, आणि तोवर तू हवेत असशील."

मेकॅनिकनं झडपेतून तापमापकाची काडी आत सरकवली. "एकाहत्तर," तो रेडिओवर म्हणाला.

ना इकडचं, ना तिकडचं.

"अहो, धावपट्टी मोकळी आहे," मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "सोडायचं का?"

अख्ख्या कप्प्याला एकच तापमान धरणं, ही त्याच्या सोप्या गणितातली लबाडी त्याला ठाऊक होती. खऱ्या कप्प्यात वर कढत, खाली कोमट. आकडा चुकू शकतो. पण तापमान किती वेगानं चढतंय, ते इतकं चुकणार नाही.

"तीन मिनिटं थांबा," तो म्हणाला. "काडी हलवू नका. जाळी मोकळी असेल तर जेमतेम एक अंश चढेल."

"आणि नसेल तर?"

"दोन. किंवा वर."

घड्याळाकडे बघायचं त्याचं धाडस होईना. साहेबांचा बूट मागे फरशीवर टकटक करत होता.

"त्र्याहत्तर," मेकॅनिक म्हणाला. "थोडं वरच."

"बंद कर. सगळं बंद कर," त्यानं मेहुण्याला सांगितलं.

"नक्की ना?" साहेबांनी विचारलं.

"नक्की नाही," तो म्हणाला. "तरी बंद करा."

इंजिनाचा आवाज हळूहळू खाली आला. मेकॅनिक सामानाच्या कप्प्यात शिरला. बराच वेळ रेडिओवर नुसती खरखर ऐकू येत होती.

"पिशवी जाळीत रुतून बसलीय हो! ओढूनही निघेना!"

मग मेहुण्याचा आवाज आला, या खेपेला हलका.

"भाऊजी, ताईला यातलं काही सांगू नका हं."

"नाही सांगत," अर्धाअंश म्हणाला, आणि त्यानं वजनाचा तक्ता घडी करून खिशात घातला.