झिऱ्यात धुतलेल्या कढया

मित्रांनो, कोपऱ्यात हा जो पालथा पितळी हंडा दिसतो आहे ना, तो मी. आता माझ्यात कोणी काही शिजवत नाही. स्टीलची भांडी आली आणि माझी चूल सुटली. पण मी तुमच्यापुढे रडगाणे गायला आलेलो नाही. माझ्या पोटात बहात्तरच्या दुष्काळापासून एक राग आहे. तो अजून थंड झालेला नाही. भांड्याला कसला राग, असे म्हणू नका. आधी ऐका.

पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचे घाव खाऊन मी आकाराला आलो आणि शिरूरच्या बाजारात विकायला बसलो. तिथे अनसाबाईने मला पाहिले. आमच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. तिने मला बोटाने वाजवले, कान लावून नाद ऐकला, आतून कल्हई करून घेतली आणि डोक्यावर घेऊन चार कोस चालत गावी आणले. वस्तीत लग्न असो, जयंती असो, आमटी माझ्यातच रटरटायची. "अनसाबाईचा हंडा आणा," अशी हाक आली की माझी छाती फुगायची.

अनसाबाईच्या हाताखाली भांडे घासून घेणे हे भाग्य होते. ती राख चाळून घ्यायची, म्हणजे खडे माझी कल्हई खरवडणार नाहीत. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीने हलक्या हाताने घासायची. आणि मला ती कधीही विहिरीवर किंवा ओढ्यावर न्यायची नाही. सून धुरपदा लग्न होऊन आली, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सांगितले, "पोरी, पाण्यापाशी भांडं न्हेऊ न्हाई. भांड्यापाशी पाणी आणावं."

मग बहात्तर साल उजाडले. आभाळ कोरडे गेले. आमच्या बाजूला हाताला काम उरले नाही, म्हणून वस्तीतली अकरा घरे भीमेचे कोरडे पात्र ओलांडून दौंड तालुक्यात आली. भांडगावच्या पलीकडच्या माळावर पाझर तलावाचे काम निघाले होते. चारशे माणसे माती उपसत होती. कोणी पाचटाची खोप केली, कोणी गोणपाटाचे पाल मारले. सगळा माळ म्हणजे उघड्यावरचा संसार झाला. अकरा घरांची आमटी एकत्र माझ्यात शिजू लागली.

एवढ्या माणसांना पाणी एकच. ओढ्याच्या वाळूत खणलेला झिरा. वाळूतून थेंब थेंब पाझरायचे, ते वाटीने उपसून घागरीत भरायचे. एक घागर भरायला इतका वेळ लागे, की रांगेतल्या बायका बसल्या बसल्या डुलक्या घेत.

अनसाबाईने पहिल्याच संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्यांना शिस्त लावली. झिऱ्यापासून शंभर पावले लांब, ओढ्याच्या खालच्या अंगाला, तिने एक खड्डा खणायला लावला. भांडी तिथेच घासायची. ताटातले खरकटे शेळ्यांना. तेलकट भांडे आधी पाचटाने कोरडे पुसायचे, मग कोरडी राख, मग फडके. शेवटी एका तांब्यात सगळ्यांची भांडी विसळायची. आधी ताटे, मग तवे, आणि सर्वांत शेवटी मी. विसळलेले पाणी खड्ड्यात. भांडी दगडांवर पालथी, उन्हात. अकरा घरांची भांडी दीड तांब्यात लख्ख व्हायची. बाकीचे लोकही पाहून पाहून तसेच करू लागले.

तसे करत नव्हता तो एकच. जालिंदर मुकादम.

जालिंदर जवळच्याच गावातला, मोठ्या बागायतदाराचा मुलगा. हजेरी त्याच्या हातात, म्हणून माळावर त्याचा शब्द चाले. त्याची राहुटी झिऱ्याच्या अगदी वर, काठावर होती. बाजाराच्या दिवशी तिथे मटण शिजे. त्याचा स्वयंपाकी संपत त्या चरबीने माखलेल्या कढया घेऊन सरळ झिऱ्यात उतरायचा, धुण्याचा सोडा टाकायचा आणि खळखळून धुवायचा. शंभर पावले चालायचा कंटाळा, दुसरे काय! पाण्यावर चरबीचा तवंग यायचा. खालच्या वाळूत हाडांचे तुकडे रुतायचे.

अनसाबाई त्याच्या राहुटीपाशी गेली. मी तिच्या कमरेवर होतो.

"मुकादम, कढया झिऱ्यात धुवू नगा. समदी माणसं तेच पितात. मी राख देते, भांडीबी घासून देते. पर खाली घासते."

जालिंदर बाजेवर पडूनच हसला. "आता तुमी आमाला पाण्याचं शिकवणार व्हय?"

पुढच्या बाजारी ती पुन्हा गेली. या वेळी तो उठला आणि त्याने मला लाथ मारली. मी काठावरून गडगडत खाली गेलो. माझ्या कुशीत पोचा पडला. अनसाबाईने मला उचलले, पदराने वाळू पुसली आणि परत फिरली.

चार दिवसांनी माळावर हगवण सुरू झाली. पाच-सहा म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली. अनसाबाई त्यांतली एक. धुरपदा तिला घोट घोट पाणी पाजत होती. ते पाणी झिऱ्याचेच होते, मित्रांनो, आणि ते माझ्यात भरून ठेवलेले होते. माझ्याच पोटातून ते तिच्या ओठांपर्यंत जात होते. मला कळत होते. मी सांगू शकत नव्हतो. बैलगाडीतून तिला दौंडच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा तिच्या उशाशी मीच होतो. दौंडच्या वेशीच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला.

त्या वेळी मला हात असते, तर मी जालिंदरचे काय केले असते, ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखे नाही.

अनसाबाईची माती आटोपून धुरपदा तिसऱ्या दिवशी झिऱ्यावर गेली, तर तिथे जालिंदरचा माणूस काठी घेऊन उभा. मुकादमाने सगळीकडे सांगून ठेवले होते, की आमच्या वस्तीच्या लोकांनीच झिरा बाटवला, त्यांच्याच भांड्यांनी हगवण आली. आता त्यांनी झिऱ्यात उतरायचे नाही. लांब उभे राहायचे, कोणीतरी वरून पाणी ओतील.

धुरपदाने मला जमिनीवर ठेवले. कोणीतरी हात लांब करून माझ्यात पाणी ओतले. अर्धे बाहेर सांडले. तिने खाली पाहिले नाही, वरही पाहिले नाही.

रात्री शेजारच्या पालातली बयाबाई तिला म्हणाली, "धुरपदा, गप ऱ्हा. हजेरी त्याच्या हातात हाय. उद्या कामावरनं काढलं तर खायचं काय?"

"मी गप्पच हाय," धुरपदा म्हणाली. "पर इसरले न्हाई."

मला तिचा तो आवाज फार आवडला. त्या दिवसापासून आम्ही दोघे वाट पाहू लागलो.

पंधरवड्यात कळले की मामलेदार साहेब काम पाहायला येणार. हगवणीची बातमी दौंडपर्यंत पोचली होती. ज्या दिवशी साहेब यायचे, त्या दिवशी पहाटेपासून मुकादमाच्या राहुटीत मटण शिजत होते. दिवस वर येता येता संपत कढया घेऊन झिऱ्यात उतरला. धुरपदा खालच्या अंगाला उभी राहून पाहत होती. संपतने तिला पाहिले आणि मान खाली घातली. पण धुवायचे थांबवले नाही.

तो वर गेल्यावर धुरपदाने मला उचलले. काठीवाला आडवा आला. ती त्याच्या अंगावरून गेल्यासारखी पुढे गेली आणि आपल्या पायांनी झिऱ्यात उतरली. वाटी न घेता तिने मलाच पाण्यात तिरका केला. गढूळ, तवंग आलेले पाणी माझ्यात शिरले. सोड्याचा वास माझ्या कल्हईला झोंबला. मी भरलो, आणि खरे सांगतो, इतका आनंद मला एकाही लग्नात झाला नव्हता.

मांडवाखाली मामलेदार खुर्चीवर बसले होते. चारशे माणसे उन्हात उभी होती. जालिंदर हात जोडून सांगत होता, "साहेब, ह्या लोकांनी झिऱ्यात भांडी धुतली, त्यानं रोगराई पसरली. म्हणून आमी त्यांना लांब ठेवलंय."

धुरपदाने मला साहेबांच्या समोर उतरवले. माझ्यात तांब्या बुडवला, भरला आणि जालिंदरपुढे धरला.

"मुकादम, पानी घ्या."

साहेब खुर्चीत पुढे वाकले.

"कुठलं पाणी आहे हे?" साहेबांनी विचारले.

"झिऱ्याचं, साहेब. चारशे माणसं पितात ते. माझी सासू मरताना प्याली ते. मुकादमांनी दोन घोट घ्यावं, येवढंच म्हणनं हाय."

जालिंदर तांब्याकडे पाहत राहिला. लोकांना वाटले, आमच्या हातचे म्हणून तो घेत नाही. साहेबांनाही तसेच वाटले. ते हळू आवाजात म्हणाले, "घ्या मुकादम. शिवाशीव पाळणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

आता त्याला दोन्ही वाटा बंद झाल्या. नाही घ्यावे तर कायदा. घ्यावे तर त्याला ठाऊक होते, त्या पाण्यात काय आहे. त्याने तांब्या हातात घेतला.  मी मनातल्या मनात एकच शब्द म्हणत होतो. पी. पी. पी.

तांब्या ओठांना टेकणार, तोच गर्दीतून संपत ओरडला, "मालक, पिऊ नगा! सकाळच्या कढया त्यातच धुतल्यात!"

 मग बायकांच्या बाजूने एक हुंकार उठला, तो वाढत वाढत पुरुषांच्या बाजूला गेला. जालिंदरच्या हातून तांब्या खाली पडला.

साहेब उठले. माझ्यापाशी आले, वाकून आत पाहिले, नाकाला रुमाल लावला. संपतला पुढे बोलावून दोन प्रश्न विचारले. संपतने रडत सगळे सांगितले. कोणाच्या हुकमाने, किती बाजार, म्हातारी कितीदा येऊन गेली, सगळे.

"ह्याला मी आजच कामावरून काढतो," साहेब म्हणाले. "आणि पोलिसांतही देतो."

"पोलिसांत द्या की न द्या, ते तुमी बगा," धुरपदा म्हणाली. "पर आठ दिस त्यांना हितं ठेवा. माळावरची भांडी घासायला. समद्यांची. आमचीबी."

जालिंदरने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. आणि मुकादमाने होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी झिरा उपसून, वाळू काढून स्वच्छ केला. आमच्या लोकांना लांब उभे करणारी काठी कोणीतरी चुलीत घातली. आणि जालिंदर खड्ड्यापाशी येऊन बसला. आला तोच त्याने भांड्यांवर तांब्याभर पाणी ओतले.

"आधी कोरडी राख," धुरपदा म्हणाली. "पानी मागनं."

त्याला राख धरता येत नव्हती. बोटांची सालटी निघाली, नखे काळी पडली. लोक मुद्दाम त्या बाजूने जात. कोणी हसत नव्हते, नुसते उभे राहून पाहत होते. ते हसण्याहून वाईट होते. त्याच्या राहुटीवरच्या कढया त्यालाच शंभर पावले वाहून आणाव्या लागत. रोज सर्वांत शेवटी मी त्याच्या मांडीशी येई. मी जड आहे. त्या दिवसांत मी जितके जड होता येईल तितका झालो.

आठव्या दिवशी भांडी आटोपल्यावर तो धुरपदासमोर उभा राहिला.

"धुरपदाबाई, चुकलं माझं. म्हातारीचं असं व्हईल, मला म्हाईत नव्हतं."

धुरपदाने त्याच्याकडे पाहिले. "तिनं सांगितलं व्हतं, मुकादम. दोनदा."

 तिने मला उचलले आणि उन्हात पालथे घातले.

धुरपदाने त्याला पुढे कधी माफ केले की नाही, मला ठाऊक नाही.  मी मात्र केलेले नाही. मी पितळेचा आहे, अनसाबाईसारखा मऊ नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला जाल, नदीकाठी तंबू ठोकाल, तीन दगडांवर खिचडी शिजवाल, तेव्हा जेवण झाल्यावर भांडी घेऊन धावत पाण्यात उतरू नका. खरकटे गोळा करा. कोरड्या पानांनी तेल पुसा. चुलीतली राख थंड झाली की तीच घ्या. पाण्यापासून लांब, खालच्या अंगाला खड्डा करा आणि एका तांब्यात विसळा. खड्डा बुजवून या. खालच्या गावात कोणीतरी ओंजळीने तेच पाणी पीत असते. तुम्हाला ती माणसे दिसत नाहीत, पण त्यांच्या घरीसुद्धा हंडे असतात, आणि आम्ही हंडे काही विसरत नाही.